बिनखुणेची खेचरं

९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहायला घेतेय, म्हणजे तू गाल फुगवून बसला असशील. बैस. इथे माझ्या सासरची मंडळी जमायला लागली आहेत आणि तुझ्या दाजींना त्यांच्यापुढे दुसरं काही सुचत नाही.

सासरची मंडळी म्हणजे कोण, हे तुला नव्याने सांगायला नको. लग्न होऊन आले तेव्हा पाणी कुठे, चूल कुठे हे दाखवायच्या आधी ह्यांनी मला कड्यावरची गिधाडं दाखवली, आणि तीही अशा आदबीने की मी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. यंदा कड्यावर सात जोड्या आहेत. घरटी डागडुजीला काढली आहेत. हातभर लांब काटक्या चोचीत धरून येतात आणि उतरताना निम्म्या खाली पाडतात. हे खालून ओरडतात, की अगं नीट धर. मधल्या कपारीतली थोराड मादी गेली सहा वर्षं तिथेच बसते. तिला मी मोठ्या जाऊबाई म्हणते. एकच अंडं घालतात बघ ही, वर्षाला एक. नर-मादी आळीपाळीने बसतात. एक अंड्यावर, तर दुसरं ह्यांच्या मेल्या जनावरांच्या आवारात जेवायला. हे म्हणाले, असा संसार माणसांत पाहायला मिळत नाही. मी म्हटलं, मला तरी नाही मिळाला.

पांढरी छोटी गिधाडं मात्र बारमाही. ती मागच्या दाराशी कोंबड्यांसारखी फिरतात, मी भांडी घासायला बसले की माना वाकड्या करून बघतात. पावसाळाभर पंख पसरून कुंपणावर वाळत बसली होती. थंडी पडली की उत्तरेकडचे मोठे पाहुणे येतील, मग आवारात पाय ठेवायला जागा राहणार नाही.

ह्यांचं काम तेच. मेलेलं जनावर आलं की कातडं सोडवायचं, धड ओढून सपाट खडकावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. तासाभरात धुतल्यासारखी हाडं उरतात, ती हाडं दळणाऱ्या गिरणीला जातात. ह्यांचं म्हणणं, मी फक्त वाढपी, जेवणारे तेच. दर संध्याकाळी पाखरं मोजतात आणि दहाला एक असे खडे डब्यात टाकतात. अक्षरओळख नाही, पण मोजणीत कधी चूक नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणानंतर वाचून दाखवलं. तुझ्या त्या चावऱ्या खेचराची गोष्ट ह्यांनी तीनदा वाचायला लावली. ते म्हणतात, की धाकटा लिहितो तेव्हा समोर बसून बोलतोय असं वाटतं. तर हे असं आहे. बोलत राहा. लग्नाचं मी या पत्रात काढत नाही, पुढच्यात काढेन.

प्रकृतीस जपावे, आणि ताईवरचा लोभ आळसाने कमी होऊ देऊ नये.

तुझी,
ताई


२२ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. गाल फुगवले होते, पत्र वाचून उतरवले. जाऊबाईंना नमस्कार सांग.

इकडे डेपोत थंडी तुमच्या आधी येते. घाटावरच्या वस्त्यांना सामान पोचवणारी बहात्तर खेचरं कामावर आहेत. त्यांची मलमपट्टी, नाल, पोटदुखी हे सगळं माझ्या अंगावर, कारण डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात आणि चहा पिऊन जातात. कंपाउंडर म्हणून लागलो, पण खेचरं मलाच डॉक्टर समजतात, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही. ते चावरं आता माझ्या बाहीशिवाय दुसरं काही चावत नाही. यालाच प्रेम म्हणत असावेत.

ताई, इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे. दाजींना वाचून दाखवू नकोस. मागच्या रांगेबद्दल तुला मी कधी नीट लिहिलं नाही. खेचर कामातून गेलं की साहेब त्याचं नाव यादीतून कमी करतात आणि ते मागच्या शेडमध्ये जातं. तिथे चारा-पाणी मिळतं, औषध मिळत नाही. नाव कमी केलेल्या जनावरावर औषध खर्ची टाकायचं नाही असा नियमच आहे. वीस-बावीस वर्षं ओझी वाहिलेली ही जनावरं, गुडघे नारळाएवढे सुजलेले. ती आडवी होत नाहीत, कारण एकदा बसलं की उठता येत नाही हे त्यांना कळलेलं असतं. महिनोन् महिने उभी राहतात. थंडीत रात्रभर टापा आपटत असतात, माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं. मला ते सहन होईना. तारीख उलटलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या फेकायचं कामही माझंच आहे. त्या मी आता फेकत नाही. दुखणं मारायचं औषध आहे, तारखेने फार फरक पडत नाही. गेल्या थंडीच्या शेवटी एका म्हातारीला देऊन पाहिलं होतं. आता रोज देतो, ज्याला गरज असेल त्याला.

भानगड एकच आहे. औषध दिलेलं खेचर मेलं, तर त्याच्या खुराला लाल पट्टा मारून पाठवायचा आणि दाजींनी ते खडकावर न टाकता खड्ड्यात पुरायचं, असा जुना नियम आहे. का, ते इथे कोणालाच सांगता येत नाही. बहुधा कातडं विकत घेणाऱ्यांसाठी असावा. पण मी पट्टा मारला की साहेब विचारणार, औषध आलं कुठून? म्हणून मी पट्टा मारत नाही. दाजी नियमाचे किती पक्के आहेत ते आपल्याला माहीत आहे. कळलं तर ते गाडी परत पाठवतील आणि माझं सगळं उघडं पडेल.

एवढं पोटात ठेव. तुझ्याशिवाय मी हे कोणाला सांगणार?

दाजींस सा. न. तुझ्या मायेवर हक्क आहे असं समजून मागतो, ती असू दे.

तुझा,
धाकटा


१० नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि. ठेवलं बाबा पोटात. पण किती पंचाईत केलीस! मी आपली रोजच्यासारखी वाचत सुटले आणि "इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी" इथे येऊन अडखळले. ह्यांनी लगेच विचारलं, थांबलीस का? मी म्हटलं, शाई पसरली आहे, लागत नाही. मग सरळ शेवटच्या सा. न. वर उडी मारली. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, यंदा धाकट्याने आखडतं घेतलं. एकोणीस वर्षांत ह्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही तुझ्या खेचरांपायी. पुढच्या वेळी असलं काही वेगळ्या कागदावर लिही.

तुझं काळीज मला माहीत आहे. लहानपणी तू मोडक्या पायाचं मांजर कपाटात ठेवलं होतंस आणि आईला तीन दिवस पत्ता लागू दिला नव्हतास. पण एक विचारते. त्या औषधाने पाखरांना काही व्हायचं नाही ना? मला आपली शंका आली. तसं म्हटलं तर सडकं-कुजकं सगळं पचवणारी जात आहे.

पाहुणे आले! परवा दुपारी उत्तरेकडून गोल गोल घिरट्या घालत उतरले, काल संध्याकाळी एकशे चाळीस भरले. ह्यांना डब्यात खडे टाकताना बघायला हवं होतंस. तुझ्या डेपोची गाडी सोमवारी तीन खेचरं टाकून गेली. पाऊण तासात फन्ना. जाऊबाई अंड्यावर बसल्या आहेत. त्यांचा नवरा जेवून इतका जड होतो की त्याला कड्यावर चढायला वाऱ्याची वाट बघत बसावं लागतं. गल्लीतले लोक कुत्र्यांची तक्रार घेऊन आले होते. हे म्हणाले, पाखरं आली की कुत्री आपोआप कमी होतात, थोडा धीर धरा.

लग्नाचं या पत्रात काढणार होते. शाई संपत आली, वाचलास.

ताईची आठवण रोज नको, दोन दिवसांआड तरी काढत जावी.

तुझी,
ताई


२४ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. थंडीने कहर केलाय, मागच्या रांगेत या पंधरवड्यात सहा गेली. दोन गाड्या तुमच्याकडे निघाल्या आहेत.

तुझ्या शंकेचं उत्तर: मुळीच काळजी करू नकोस. ज्याला आठ दिवसांचं कुजलेलं मांस पचतं, त्याला चमचाभर औषधाने काय होणार? शिवाय ते औषध खेचराच्या अंगात किती उरतं? हे मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

दाजींना वाचून दाखवायचं पत्र वेगळ्या कागदावर जोडलंय. त्यात चावऱ्याने साहेबांची टोपी खाल्ल्याची हकीकत आहे, ती खरी आहे.

लोभ दोन्ही कागदांवर सारखाच असावा.

तुझा,
धाकटा


१७ डिसेंबर

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि. टोपीची गोष्ट ऐकून हे हसले होते, पण आता त्या गोष्टीला फार दिवस झाले असं वाटतं. इथे काहीतरी वाईट चाललं आहे.

महिन्याच्या सुरुवातीला पाहुण्यांपैकी काही झाडावर मान खाली घालून बसलेली दिसली. झोप आलेल्या माणसाची मान लोंबते, तशी. हे म्हणाले, थंडी जास्त आहे. दोन दिवसांनी त्यातलं एक फांदीवरून खाली पडलं. धप्प आवाज झाला, मी मागच्या दारात होते. ह्यांनी उचललं तेव्हा अंग गरम होतं. त्या आठवड्यात अकरा मेली. गेल्या आठवड्यात सव्वीस. काही आवारातच पडतात, काही कड्याखाली सापडतात. हे पोतं घेऊन सकाळी जातात आणि गोळा करून आणतात. मेलेल्या पाखरांना कोण खाणार? खड्डा खणून पुरतात.

परवा जाऊबाईंचा नवरा गेला. खडकापासून वीस पावलांवर पडला होता. जाऊबाई वर अंड्यावर बसूनच आहेत. उठल्या तर अंडं थंड पडणार, नाही उठल्या तर उपाशी. ह्यांनी मांसाचा तुकडा काठीला बांधून कपारीपर्यंत पोचवायचा प्रयत्न केला, पण कडा तेवढा सोपा नाही. घसरून गुडघा फोडून घेतला.

ह्यांचं जेवण उतरत नाही. रात्री उठून बसतात आणि मला विचारतात, माझ्याकडून काही चुकलं का? पाणी बदललं, खडक घासून धुतला, कातड्याला लावायचा चुना दुसरीकडे नेऊन ठेवला. तुझ्याकडून गाडी आली की मात्र ह्यांना हायसं वाटतं. म्हणतात, बाकीच्या जनावरांचं मी सांगू शकत नाही, पण ही घरची आहेत, ह्यांच्यात खोट नसणार.

धाकट्या, तू मला काळजी करू नकोस असं लिहिलं होतंस. मी करत नाही. पण एकदा पुन्हा लिही.

तुझी,
ताई


६ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र नाही. आधी उत्तराची वाट पाहिली, आता पाहवत नाही म्हणून लिहिते.

पक्ष्यांची एक डॉक्टरीण आली आहे. तरुण मुलगी आहे, गमबूट घालून आवारात फिरते, नाकाला रुमाल लावत नाही. तिने आमच्या मागच्या ओट्यावर तीन पाखरं कापून पाहिली. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिने बोलावून दाखवलं. आतडी, काळीज, सगळ्यावर पांढरा थर होता, भिंतीला चुना मारावा तसा. ती म्हणाली, की मूत्रपिंडं निकामी झाली की असं होतं, आणि धडधाकट पाखराची मूत्रपिंडं अशी अचानक जातात ती काहीतरी पोटात गेल्यामुळेच. तिने ह्यांना विचारलं, इथे येणाऱ्या जनावरांना मरायच्या आधी काही औषध दिलेलं असतं का?

हे म्हणाले, औषधाच्या जनावराला लाल पट्टा असतो, ते मी पुरतो. ती म्हणाली, पट्टा मारायचा राहून गेला असेल तर? त्यावर हे चिडलेच. म्हणाले, या थंडीत निम्म्याहून जास्त जनावरं माझ्या मेव्हण्याच्या हातून आली आहेत. त्याचं जनावर बिनखुणेचं असेल तर ते बिनऔषधाचंच. मी त्याच्यासाठी शपथ घेतो. आणि घेतली. मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या होता. तो ओट्यावर ठेवला आणि आत निघून आले.

आवाराचा कारभार बघणाऱ्या समितीचे लोक काल येऊन गेले. गल्लीत बोलवा उठली आहे, की ह्यांनी कुत्री मारण्यासाठी मांसाला विष चोळलं आणि त्यात पाखरं गेली. कुत्र्यांच्या तक्रारीला ह्यांनी थोडा धीर धरा असं उत्तर दिलं होतं, तेच आता ह्यांच्या अंगावर आलं. आवाराला कुलूप लावलंय. चौकशी होईपर्यंत ह्यांनी आत पाय ठेवायचा नाही. कड्यावर सातांपैकी दोनच जोड्या राहिल्या. पाहुण्यांतली जी वाचली ती तेवीस आहेत. जाऊबाई अकरा दिवस अंड्यावर बसल्या. बाराव्या दिवशी दुपारी उठल्या, थोड्या उडाल्या आणि कुंपणाबाहेर उतरल्या. परत वर गेल्याच नाहीत. अंडं कावळ्यांनी नेलं, आम्ही खालून बघत होतो.

मला खरं सांग. त्या खेचरांमुळे झालं का? उलट टपाली लिही. वेगळा कागद वगैरे काही नको आता.

ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. डिसेंबरचं पत्र मिळालं त्याच दिवशी मला कळलं होतं. उत्तर लिहायला बसायचो आणि पुन्हा काळजी करू नकोस असं लिहिण्यापलीकडे हात जायचा नाही, म्हणून लिहिलं नाही. भित्रेपणा केला.

हो. माझ्यामुळेच झालं. ऑक्टोबरपासून डिसेंबर अखेरपर्यंत एकतीस खेचरं तुमच्याकडे पाठवली, एकतीसही औषध दिलेली, एकालाही पट्टा नव्हता. तो नियम कशासाठी होता ते मला आता समजलं. अनुभवाच्या बाता मारल्या मी तुला. मला खेचरांचा अनुभव आहे, पाखरांचा काय डोंबल अनुभव होता!

तुझं दुसरं पत्र वाचून साहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग औषधांचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. मागच्या रांगेवर तीन वर्षांत एक थेंब खर्ची पडलेला नाही. जुन्या बाटल्या फोडून टाकल्या असं लिहिलेलं आहे, खाली सही माझीच. साहेब म्हणाले, जे आमच्या दप्तरात घडलेलंच नाही ते मी समितीला कळवू कसा? वर असंही म्हणाले, की तुझी नोकरी शाबूत राहतेय, घरी जाऊन झोप. मी लिहून दिलेला कागद त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात घातला. कपाटाला दुसरं कुलूप लावलंय.

म्हणजे पुरावा असा एकच उरतो. २२ ऑक्टोबरचं माझं पत्र. ते समितीला दे. त्यावर तारीख आहे, टपालाचा शिक्का आहे, माझं अक्षर आहे. माझं काय होईल याचा विचार तू करू नकोस, आतापर्यंत तोच करत आलीस म्हणून हे झालं. औषधाची एक रिकामी बाटली कापडात गुंडाळून सोबत पाठवतोय, ती डॉक्टरीणबाईंना दे.

ताई, मला एवढंच वाटत होतं की त्यांनी टापा आपटू नयेत.

धाकटा


४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पत्र समितीला देण्याआधी ह्यांना वाचून दाखवायला हवं होतं. दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बसले आणि २२ ऑक्टोबरचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग बाकीचीही वाचली, माझ्या बाजूने मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

 वाचून झाल्यावर हे म्हणाले, ते पहिलं पुन्हा वाच. वाचलं. मग म्हणाले, तेव्हा कुठून कुठपर्यंत गाळलंस ते मला बोटाने दाखव. मी दाखवलं. ह्यांनी त्या जागेवर आपली बोटं आडवी ठेवून पाहिली. सहा बोटं भरली. म्हणाले, एवढीच जागा होती.

मला वाटलं होतं तुझ्यावर संतापतील. तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्याबद्दलही नाही, पण तेव्हापासून माझ्याशी बोलणं जेवायला वाढ आणि दार लाव एवढ्यावर आलंय. मी रागवा म्हटलं, हवं तेवढं बोला म्हटलं. ते म्हणाले, तो दूर होता, त्याला पाखरं दिसत नव्हती. तू रोज ती खाली पडताना बघत होतीस.  डिसेंबरमध्ये बोलले असते तर निम्मी तरी वाचली असती. मी तुला वाचवत होते आणि मला तेवढंच कळत होतं.

पत्र समितीकडे गेलं नाही. ह्यांनी जाऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाईंना दिलं, बाटलीसकट. म्हणाले, तिला ते उपयोगी पडेल, दुसरीकडची पाखरं तरी राहतील. समितीला फक्त माणूस हवा होता, तो त्यांना मिळालाय. चौकशीत ह्यांनी सांगितलं, की जनावर कुठून आलं, कशाने मेलं हे मी विचारायला हवं होतं, घरचं म्हणून विचारलं नाही. विष चोळलं का, याला नाही म्हणाले, पण ते कोणी लिहून घेतलं नाही. कामावरून कमी केलंय. ही खोली महिनाअखेर सोडायची आहे. आता जनावरं यंत्राने खणलेल्या खड्ड्यात टाकतात. ती कुत्री उकरून काढतात, वास गल्लीभर असतो, आणि लोक अजूनही ह्यांनाच शिव्या देतात. कड्यावर कोणी नाही. मागच्या दाराशी त्या पांढऱ्यांतली शेवटची दोन उरली होती, तीही गेली. हे संध्याकाळी सवयीने अंगणात जाऊन वर बघतात आणि आत येतात.

आणखी एक. शेजारच्या गल्लीत शाळेच्या बाई राहतात. परवा कामावरून कमी केल्याचा कागद आला, तो मी हातात घेणार तोच ह्यांनी माझ्याकडून घेतला आणि बाईंकडे जाऊन वाचून घेतला. यापुढे येईल ते पत्र त्याच वाचतील. म्हणून आता मला काही लिहायचं असलं तरी ते असंच लिही, की त्यांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल. माझं हे पत्र मात्र ह्यांनी पाहिलेलं नाही. मी लिहितेय हे माहीत आहे. मी विचारलं, धाकट्याला काही कळवायचंय का? म्हणाले, एवढंच विचार, की त्या खेचरांचं दुखणं थांबलं होतं का? आणि उत्तर त्याने मला लिहावं.

तर आता तू ह्यांना लिही. माझी काळजी करू नकोस, असं मीही लिहू शकते.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. दाजींस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र वाचणाऱ्या बाईंना नमस्कार. एक विनंती आहे. यातलं काहीही तुम्हाला वाचायला अवघड वाटलं तरी गाळू नका.

दाजी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुई दिल्यावर अर्ध्या तासाने खेचराची मान सैल व्हायची. मग ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकायचं थांबवायचं. टापा बंद व्हायच्या. काही जणं तर आडवी व्हायची, महिनोन् महिने उभी राहिलेली जनावरं, पाय लांब करून, पोट वर-खाली होत असायचं. मी शेजारी बसायचो. चार-पाच तास हे टिकायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं, आणि मी दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन जायचो. पेटीच्या झाकणाचा आवाज ती ओळखत होती.

तुम्ही विचारलं नाहीत तेही सांगायला हवं. एखादं खेचर आता जाणार हे मला एक दिवस आधी कळायचं. मग त्या दिवशी मी दोनदा द्यायचो, कधी तीनदा, म्हणजे शेवटी तरी त्याला दुखू नये. एकतीसांपैकी एकही तडफडत गेलं नाही. सगळी झोपेत गेली. दुसऱ्या दिवशी गाडी भरायचो, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ती खडकावर मांडायचात. डॉक्टरीणबाईंचं मला पत्र आलं. त्या लिहितात, की पाखरांना मारलं ते याच शेवटच्या औषधाने. आधीचं अंगातून निघून गेलं असतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. थांबलं होतं.

मागच्या रांगेत अजून अकरा आहेत. कपाटाला कुलूप आहे आणि मी रोज रिकाम्या हाताने आत जाऊन पाणी भरतो. ती माझ्याकडे वळून बघतात. मी समितीला स्वतः लिहिलं होतं, पत्र न उघडता परत आलं. साहेबांनी सांगून ठेवलं असावं. नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय, पण तो दिला तर यांना पाणीही कोणी भरणार नाही, म्हणून दिलेला नाही.

ताईने ते गाळलं ते मी सांगितलं म्हणून. ती नाही म्हणू शकत नाही हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तिला सांगितलं. तुमच्या मनात माझ्यासाठी लोभ उरला असेल असं मी धरून चालत नाही. पण माझ्या वाटचा थोडाफार कुठे राहून गेला असेल, तर तो तिला द्यावा. तिच्या तोंडून एखादा कागद वाचून घ्यावा, कुठलाही चालेल.

आपला,
धाकटा